तुमची फाईल दवाखान्यात कुठे राहते? क्लाऊडबद्दल थोडं सविस्तर

आमच्या दवाखान्यात तपासणी झाली की रिसेप्शनवरच्या ताई तुमचा ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड मागून घेतात, स्कॅन करतात आणि कागद परत देतात. त्यावर हल्ली बरेच जण विचारतात, "डॉक्टर, हे सगळं जातं कुठे? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये की आणखी कुठे?" कोणी म्हणतं, "क्लाऊडवर ठेवता ना? मग ते कोणी चोरलं तर?" दुसरं कोणी म्हणतं, "आमच्या दुकानाचंही असंच ठेवायचं आहे, कुठलं चांगलं?"

प्रश्न योग्य आहेत. तुमच्या आजाराची माहिती तुमची आहे. ती मी कुठे ठेवतो हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. म्हणून आज औषधांऐवजी फायलींबद्दल लिहितो आहे. दवाखान्यासाठी क्लाऊड निवडताना मी काय काय तपासलं, ते सांगतो. दुकान, वर्कशॉप किंवा अडत चालवणाऱ्यांनाही त्यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. शेवटी तुमचे स्वतःचे रिपोर्ट घरी कसे जपावेत, तेही पाहू.

जुना कागद इतका महत्त्वाचा का?

"जुनं कशाला बघता, आजचा रिपोर्ट बघा ना," असं काही पेशंट म्हणतात. पण वैद्यकशास्त्रात एकटा आकडा फारसं बोलत नाही.

समजा, तुमचं क्रिएटिनिन आज १.६ आलं. वर्षापूर्वी ते ०.९ असेल, तर मूत्रपिंडाला अलीकडे काहीतरी झालंय. मग वेदनाशामक गोळ्या, उलट्या-जुलाब, लघवीला अडथळा, सगळं लगेच शोधावं लागतं. तेच पाच वर्षांपासून १.५ ते १.६ असेल, तर आजार जुना आणि संथ आहे. घाई वेगळी, औषधं वेगळी, बोलणंही वेगळं. फरक फक्त एका जुन्या कागदाचा.

ईसीजीचंही तसंच. छातीत दुखतंय म्हणून तुम्ही आलात आणि आलेखात एक बदल दिसला. तो बदल तीन वर्षांपूर्वीच्या ईसीजीतही असेल, तर विचार एका दिशेला जातो. आज पहिल्यांदा दिसत असेल, तर मी तुम्हाला तिथूनच रुग्णवाहिकेत बसवतो. एक्स-रेत फुप्फुसावर लहानशी घट्ट गाठ दिसली आणि दोन वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्येही ती तेवढीच असेल, तर बहुतेक वेळा ती निरुपद्रवी निघते. जुनी फिल्म नसेल, तर सीटी स्कॅन, काळजी आणि खर्च हे सगळं आलंच.

औषधाच्या ॲलर्जीबद्दल वेगळं सांगायला नको. "मागे कुठल्यातरी इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या होत्या" आणि "पेनिसिलिननं उठल्या होत्या" या दोन वाक्यांमध्ये कधी कधी जिवाचं अंतर असतं.

कागदाचं आयुष्य

कागद टिकेल का? ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेनं छापला जाणारा असतो. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या काही पिशव्यांमधली रसायनं यांनी त्यावरच्या रेघा फिक्या होत जातात. त्यावर चिकटपट्टी लावली तर तेवढा भाग आणखी लवकर उडतो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक फायलींत जुना ईसीजी म्हणून गुलाबी चौकटींचा कोरा कागद निघतो.

मी सांगलीत प्रॅक्टिस करतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या आसपास गेलं, तेव्हाचं इथल्या कोणालाही सांगायला नको. माझा दवाखाना वरच्या मजल्यावर होता, तो वाचला. पण आपल्याकडे ओपीडीची फाईल पेशंट स्वतः घरी नेतो, आणि घरं तर पाण्यात होती. पूर ओसरल्यावरचा महिना मी विसरू शकत नाही. माणसं यायची आणि म्हणायची, "सकाळी एक पांढरी बारकी गोळी होती, रात्री एक पिवळी." त्यात एक बाई होत्या, हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या. अशा माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. तिचा डोस प्रत्येकाचा वेगळा. दर काही आठवड्यांनी आयएनआर तपासून तो कमी-जास्त करतात आणि वहीत लिहून ठेवतात. डोस कमी पडला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. त्यांची वही वाहून गेली होती, आणि त्यांना डोस नेमका आठवत नव्हता. ज्या हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली, तिथे चार महिन्यांपूर्वीची नोंद कॉम्प्युटरवर सापडली. फोनवर त्यांनी ती वाचून दाखवली आणि आम्ही तिथून पुढे सुरुवात केली. नोंद सापडली नसती, तर पहिल्यापासून अंदाज घेत, वरचेवर रक्त तपासत डोस बसवावा लागला असता. आणि त्या दिवसांत लॅबसुद्धा चिखलात होत्या.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यास ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून कॉम्प्युटरवर घ्यायचा प्रयत्न करा, असंही त्यातच म्हटलं आहे. पण झडप, मधुमेह, कर्करोग हे तीन वर्षांत संपणारे विषय नाहीत. म्हणून मी दाखल नसलेल्यांच्याही नोंदी ठेवतो, आणि तीन वर्षांच्या पुढेही ठेवतो.

क्लाऊड म्हणजे आभाळ नव्हे

नाव ढगाचं असलं तरी क्लाऊड जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारती, त्यांत रांगेनं लावलेले कॉम्प्युटर, ते थंड ठेवणारी यंत्रं आणि चोवीस तास वीज. त्यातली थोडी जागा तुम्ही भाड्यानं घेता आणि इंटरनेटवरून तिथे फायली पाठवता. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे अशी केंद्रं सुरू केली. ॲमेझॉनचं मुंबईचं केंद्र २०१६ चं, गूगलचं २०१७ चं. म्हणजे तुमची फाईल 'क्लाऊडवर' असते, तेव्हा ती कदाचित पुण्याच्या आसपासही असू शकते.

इमारत म्हटली की आगही लागू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांची दुसरी प्रत लांबच्या ठिकाणी होती, त्यांचं काम काही काळ खोळंबलं, इतकंच. काहींची मूळ प्रत आणि राखीव प्रत दोन्ही त्याच आवारात होत्या. त्यांचं सगळं गेलं.

म्हणून पहिलं सूत्र: क्लाऊड ही एक जागा आहे, आणि कुठलीही एक जागा पुरेशी नसते.

हळदीच्या व्यापाऱ्याचं ब्लड प्रेशर

निवडीचा खरा धडा मला एका पेशंटनं दिला. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. एरवी गोळ्यांवर त्यांचं बीपी १३० च्या आसपास असायचं. एके दिवशी १८०/११० घेऊन आले. डोकं दुखतंय, चार रात्री झोप नाही. औषध चुकलं का, मीठ वाढलं का, सगळं विचारून झालं. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, तीन वर्षांचा हिशेब उडालाय."

झालं होतं असं. सगळे सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, बिलं कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये होती आणि तो फोल्डर आपोआप क्लाऊडवर जात होता. कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणून दिवाणजींनी जागा करायला जुन्या वर्षांचे फोल्डर उडवले. त्यांना वाटलं, क्लाऊडवर आहेतच. पण ती सोय एकाचं प्रतिबिंब दुसरीकडे दाखवणारी होती. इथे उडवलं की तिथेही उडतं. उडवलेल्या फायली क्लाऊडच्या कचरापेटीत तीस दिवस होत्या, मग त्या कायमच्या गेल्या. हे लक्षात आलं दोन महिन्यांनी, करखात्याची विचारणा आली तेव्हा. सीएंकडे विवरणपत्रं होती, पण मुळातल्या पट्ट्या कुणाकडेच नव्हत्या.

त्या प्रसंगात कुणाचीही वाईट नियत नव्हती. चोर नाही, व्हायरस नाही, आग नाही. फक्त 'सिंक' आणि 'बॅकअप' या दोन शब्दांतला फरक कुणी सांगितला नव्हता.

सिंक म्हणजे आरसा. समोर जे असेल तेच दाखवणार. तुम्ही बाजूला झालात की आरसाही रिकामा. बॅकअप म्हणजे त्या दिवशी काढून ठेवलेला फोटो. नंतर काहीही झालं तरी तो फोटो तसाच राहतो. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही नावं आपण रोज ऐकतो. त्यांची कॉम्प्युटरवरची नेहमीची सोय आरशाची आहे. ती उपयोगी आहे, पण तिला बॅकअप समजू नका.

त्यांचं बीपी पुढच्या तीन आठवड्यांत खाली आलं. औषध थोडं वाढवलं, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी आपापल्या घरच्या पट्ट्यांच्या झेरॉक्स आणून दिल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमच्याकडे आमच्या सगळ्यांच्या फायली आहेत. तुमचं असंच काही झालं तर?" मग मी आमची व्यवस्था एकेक प्रश्न विचारून पुन्हा तपासली.

निवडताना विचारलेले प्रश्न

१. उडवलेली फाईल किती दिवस परत मिळते?

किंमत आणि जागा याआधी हा प्रश्न. साध्या वैयक्तिक खात्यांत हा काळ बहुधा ३० दिवसांचा असतो. व्यवसायासाठीच्या काही योजनांत तो जास्त असतो. ड्रॉपबॉक्सच्या व्यावसायिक योजनेत १८० दिवसांपर्यंत. फाईलच्या जुन्या आवृत्त्या राहतात का, हेही बघायचं. सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, आला तर कुलूपबंद झालेली प्रतच आरशातही जाते. अशा वेळी आदल्या दिवशीची आवृत्ती परत मिळाली, तर निभावून जातं.

२. किल्ली कोणाकडे?

सगळ्या मोठ्या सेवा फायली सांकेतिक स्वरूपात साठवतात. म्हणजे तिथली डिस्क कोणी उचलून नेली तरी त्याला वाचता येणार नाही. पण नेहमीच्या सेवांत ते कुलूप उघडायची किल्ली कंपनीकडेच असते. काही सेवांत, उदाहरणार्थ प्रोटॉन ड्राइव्ह किंवा ट्रेसोरिटमध्ये, किल्ली फक्त तुमच्याकडे राहते. कंपनीलाही आतलं वाचता येत नाही. याची दुसरी बाजू अशी, की पासवर्ड आणि तो परत मिळवण्याचा संकेत दोन्ही हरवले तर कंपनीही मदत करू शकत नाही. आम्ही मधला मार्ग घेतला. मानसिक आजार, एचआयव्ही, गर्भपात अशा नाजूक नोंदी पाठवण्याआधीच आमच्याकडे वेगळ्या कुलूपबंद होतात. तो पासवर्ड लिहून, पाकिटात घालून, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. बाकीच्या नोंदी नेहमीच्या पद्धतीनं जातात.

३. जबाबदारी कोणाची?

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं २०२३ मध्ये केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यातला एक मुद्दा प्रत्येक व्यावसायिकानं लक्षात ठेवावा. माहिती तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे ठेवायला दिली, तरी जबाबदारी तुमचीच राहते. माहिती फुटली तर ते संबंधित मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला कळवावं लागेल. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा "क्लाऊडवाल्यांनी घोळ केला" हे तुमच्यापुढे माझं उत्तर असू शकत नाही. म्हणून फायली भारतात राहतात का, कंपनी लेखी करार देते का, तक्रार करायला माणूस भेटतो का, हे मी आधी विचारलं.

४. खातं कोणाच्या नावावर?

कित्येक छोट्या व्यवसायांत सगळं मालकाच्या किंवा एखाद्या नोकराच्या वैयक्तिक ईमेलवर असतं. तो नोकर सोडून गेला, मालक आजारी पडला किंवा वारला, की कुलूप कायमचं. दवाखान्याचं खातं दवाखान्याच्या नावावर आहे आणि ते सांभाळायचे अधिकार दोघांकडे आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याचा प्रवेश वेगळा. कोणती फाईल कोणी, कधी उघडली याची नोंद राहते. ताई नोकरी सोडून गेल्या तर त्यांचा प्रवेश त्याच दिवशी बंद होतो. पासवर्डशिवाय दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सर्वांना सक्तीची आहे. सगळ्यांनी मिळून एकच पासवर्ड वापरायचा आणि तो मॉनिटरला चिकटवून ठेवायचा, हा प्रकार आमच्याकडे चालत नाही.

५. बाहेर कसं पडायचं?

उद्या ही सेवा महाग झाली किंवा बंद पडली तर? सगळ्या फायली एकत्र उतरवून घेता येतात का, आणि त्या साध्या पीडीएफ किंवा चित्रांच्या स्वरूपात मिळतात का? काही सॉफ्टवेअरमध्ये माहिती सहज आत जाते आणि बाहेर फक्त त्यांच्याच स्वरूपात येते, जी दुसरीकडे उघडत नाही. वेळेचाही हिशेब करा. सेकंदाला २० मेगाबिटच्या लाइनवर १०० जीबी उतरवायला साधारण अकरा तास लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर.

६. जागा किती आणि खर्च किती?

आमचा हिशेब असा. दिवसाला ४० पेशंट, प्रत्येकाची तीन पानं, एक पान ०.३ एमबी. म्हणजे रोज ३६ एमबी. वर्षाचे ३०० दिवस धरले तर जेमतेम ११ जीबी. फुकटचं १५ जीबीचं खातं दीड वर्षाच्या आतच भरलं असतं. सोनोग्राफी आणि सीटीची मूळ चित्रं धरली, तर हिशेब कितीतरी पटीनं वाढतो. एकच सीटी काहीशे एमबीची असते. तुमच्या दुकानाचा हिशेबही असाच कागदावर मांडा. जागा विकत घ्यायच्या आधी गरज कळते.

किंमत मी सर्वांत शेवटी पाहिली. महिन्याकाठी येणारा खर्च आमच्या दवाखान्याच्या वीजबिलापेक्षा कमी आहे.

शेवटी काय ठरवलं?

कुठल्या कंपनीची जाहिरात मला करायची नाही. वरच्या प्रश्नांना बरी उत्तरं देणाऱ्या सेवा एकापेक्षा जास्त आहेत, आणि योजना दरवर्षी बदलतात. रचना मात्र सांगतो, कारण तीच महत्त्वाची. या क्षेत्रात तिला ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी.

पहिली प्रत दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर. दुसरी व्यवसायासाठीच्या सशुल्क क्लाऊड खात्यात, भारतातल्या केंद्रात. तिसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. अशा दोन डिस्क आहेत. शनिवारी एक जोडायची, प्रत झाली की काढायची. दुसरी तोवर मिरजेला एका डॉक्टर मित्राच्या कपाटात. डिस्कही पासवर्डनं कुलूपबंद आहेत. जोडून ठेवलेली डिस्क ही बॅकअप नव्हे, कारण व्हायरस आला तर तीही जाईल.

आणि सर्वांत कंटाळवाणं, पण सर्वांत गरजेचं काम: दर तीन महिन्यांनी आम्ही कोणतेही दहा केसपेपर निवडतो आणि ते फक्त बॅकअपमधून काढून दाखवतो. आग विझवायचं नळकांडं भिंतीवर आहे, पण ते चालतं का हे कुणी पाहिलेलंच नाही, अशी गत बहुतेक ठिकाणी बॅकअपची असते. लस टोचली की आपण निश्चिंत होतो. हिपॅटायटिस बीची लस घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची मात्र नंतर रक्तातली प्रतिपिंडंही मोजतात. इथेही तसंच.

इतकं करूनही कागद पूर्ण सोडलेला नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. नोंदणी, रिपोर्ट, बिलं, सगळं जवळपास दोन आठवडे हातानं लिहून चालवावं लागलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरनं ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या अनेक रुग्णालयांना ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलायला लावल्या. मोठ्यांचं असं होऊ शकतं, तर आपलंही होईल. म्हणून रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन, फिटची औषधं आणि ॲलर्जी असलेल्या पेशंटना आम्ही खिशात ठेवायचं एक छापील कार्ड देतो. लाइट गेली, नेट गेलं, डॉक्टर गावाला गेले, तरी ते वाचता येतं.

आता तुमच्या घरच्या फायली

दवाखाना त्याचं काम करेल. पण तुमच्या आजाराची सगळ्यात पूर्ण फाईल तुमच्याकडेच असू शकते. कारण तुम्ही चार डॉक्टरांकडे जाता, आणि प्रत्येकाकडे एकेक तुकडाच असतो.

काय ठेवावं? डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणं, बायोप्सीचा रिपोर्ट, पहिला आणि अलीकडचा ईसीजी, टू-डी इको, ॲलर्जीची नोंद, बसवलेल्या झडपेचं, स्टेंटचं किंवा पेसमेकरचं कार्ड, लसीकरण आणि सध्याच्या औषधांची यादी. दर महिन्याची साखर नाही ठेवली तरी चालेल. एचबीए१सी आणि क्रिएटिनिन मात्र सगळे ठेवा.

कसं ठेवावं? ईसीजी हातात आला की त्याच दिवशी चांगल्या उजेडात, सरळ धरून फोटो काढा किंवा स्कॅन करा. फाईलला नाव द्या: आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग माणूस आणि तपासणी. असं केलं की फायली आपोआप ओळीनं लागतात. रिपोर्ट फक्त व्हॉट्सॲपवर पडून राहू देऊ नका. फोन बदलला की ते हरवतात, आणि तिथून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा दर्जा उतरतो. सीटी किंवा एमआरआयची फिल्म खिडकीला धरून काढलेल्या फोटोवरून निदान होत नाही; सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि ती लिंक बंद होण्याआधी फायली उतरवून ठेवा.

कुठे ठेवावं? घरगुती गरजेला फुकटची जागा पुरते. गूगलवर १५ जीबी मिळते, पण त्यात तुमचे ईमेल आणि फोटोही धरलेले असतात. वनड्राइव्हवर आणि ॲपलच्या आयक्लाऊडवर ५ जीबी, ड्रॉपबॉक्सवर २ जीबी. सरकारच्या डिजिलॉकरमध्ये स्वतःची कागदपत्रं ठेवायला १ जीबी मिळते. गूगलचं वैयक्तिक खातं सलग दोन वर्षं उघडलंच नाही, तर कंपनी ते काढून टाकू शकते. म्हणून आजी-आजोबांच्या नावानं खातं काढून विसरून जाऊ नका.

आभा क्रमांकाबद्दलही गैरसमज आहे. हा १४ अंकी क्रमांक म्हणजे तुमच्या फायलींचं गोदाम नव्हे. नोंदी जिथे तयार झाल्या, त्या हॉस्पिटलकडे किंवा लॅबकडेच राहतात. तुम्ही संमती दिलीत, तर त्या क्रमांकाच्या आधारे दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. संमती किती दिवसांची आहे, ते वाचून मगच होकार द्या.

आणि एक सावधगिरी. फाईल पाठवताना 'लिंक असलेल्या कोणालाही दिसेल' हा पर्याय निवडू नका. ती लिंक एका ग्रुपवर गेली की तुमचा एचआयव्हीचा किंवा मानसोपचाराचा रिपोर्ट सोयरिकीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. ठरावीक माणसाच्या ईमेललाच परवानगी द्या आणि काम झालं की ती काढून घ्या. घरातल्या एका विश्वासू माणसाला मात्र तुमच्या फायली कुठे आहेत आणि त्या कशा उघडायच्या, हे माहीत असू द्या. छातीत दुखत असताना पासवर्ड आठवत नाही.

डॉक्टरांना विचारा

माझ्याकडेच नव्हे, तुम्ही जिथे जाल तिथे हे तीन प्रश्न विचारा. माझ्या नोंदी किती वर्षं ठेवता? त्या कोण कोण बघू शकतं? मला प्रत हवी असेल तर कशी मिळेल? प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावू नये, आणि उत्तर मिळालं नाही तर तुम्ही गप्प बसू नये.

या रविवारी अर्धा तास काढा. घरातल्या सगळ्या फायली काढा, प्रत्येकाचे सर्वांत महत्त्वाचे पाच कागद निवडा आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या जागी जाईल असं बघा. मार्ग कुठलाही निवडा, पण महिनाभरानं त्यातला एक कागद तिथून परत काढून बघा. परत मिळाला, तरच तो ठेवलेला आहे असं समजा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.)